ताईचं पहिलं गिऱ्हाईक

मित्रांनो, तीन पाय असूनही मी आयुष्यात एक पाऊल चाललेलो नाही. मी एक जुना ईझल आहे, म्हणजे चित्र काढताना कॅनव्हास उभा धरणारी लाकडी चौकट. ताईला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या बाबांनी ओळखीच्या सुताराकडून मला बनवून घेतलं. सुतार माझी पाठ थोपटत म्हणाला होता, हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल. काय ऐट होती माझी!

कॉलेजात मधोमध स्टुलावर मॉडेल बसायचं आणि त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, असा सरांचा दंडक होता. तोंड बंद, डोळे उघडे, दिसतं तेच काढा. ताईने हे इतकं मनावर घेतलं की एक सुरकुती तिच्या नजरेतून सुटायची नाही. तिचा पहिला नंबर आला. सगळा वर्ग माझ्यापुढे गर्दी करून उभा. कौतुक तिचं होतं, पण फुगलो मी!

मग कॉलेज संपलं. मामा आले की चहा पिता पिता विचारायचे, "काय गं, आता आमच्या भिंती रंगवणार का?" ताई हसायची. पण तिने बाबांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. तेवढ्यात चित्रांवर पोट भरता आलं नाही, तर मिळेल ती नोकरी धरायची.

वर्ष सरत आलं तेव्हा कुठे पहिलं गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले काका. गेलेल्या आईचं चित्र त्यांना नव्या दुकानात लावायचं होतं. फोटो एकच, शेवटच्या आजारपणातला. तो देऊनही काका दारात घुटमळत राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, मला कळत होतं. ताईने मात्र फोटो माझ्या कडेला टाचला आणि सवयीने गप्प राहून कामाला लागली.

चित्र हुबेहूब उतरलं. खोल गेलेले गाल, अर्धी मिटलेली पापणी. कॉलेजात पुन्हा पहिला नंबर आला असता. काका आले, बघत राहिले, मग चष्मा काढून पुसू लागले.

"पोरी, ही माझीच आई आहे," ते म्हणाले. "पण दवाखान्यातली. मला घरातली हवी होती गं."

"मग सांगितलं का नाही, काका?"

"तू विचारलंच नाहीस."

ते रागावले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. चित्र तिथेच राहिलं आणि वर्ष संपलं.

आता ताई एका छपाईच्या दुकानात दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे गोरे करते. मी घडी होऊन कपाटामागे पडलोय. पेचांना गंज चढलाय. परवा आई म्हणाली, याच्यावर कपडे तरी वाळत घालू. ताई एवढंच म्हणाली, "असू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी घडी करून ठेवलेलं असेल. ते पुसा, पेचांना तेल घाला. पण त्याआधी ते कुणाचं आहे हे शोधा आणि त्या माणसाजवळ घडीभर बसा. 'असू दे' म्हणून झाल्यावरही ताई बराच वेळ कपाटाशी उभी होती. का असू दे, हे विचारायला घरातलं कुणीच थांबलं नाही.