पाटी कोण धरणार?

परदेशी जायचं ठरलं की माणसाला सल्ल्यांचा तोटा पडत नाही. फोरमनच्या घरी तर दोन महिने सल्ल्यांचा पूर आला होता. गरम कपडे इथून न्यावेत की तिथे घ्यावेत, याच्यावर ज्यांनी कधी जिल्हा ओलांडला नव्हता त्यांचीही ठाम मतं होती. खरा प्रश्न मात्र एकच होता. राहायचं कुठे, आणि लेकीला घालायचं कोणत्या शाळेत?

फोरमन लिफ्टच्या दुरुस्तीतला मुरलेला माणूस. ज्या कंपनीने त्याला बोलावलं होतं, तिच्या तिथे दोन शाखा होत्या. एक मोठ्या शहरात, दुसरी चार तासांवरच्या छोट्या गावात. कुठली हवी, ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं.

मोठ्या शहरात साडू राहत होता. साडूची जुळी मुलं तिथल्या नावाजलेल्या शाळेत होती, आणि ही गोष्ट तो दर फोनमध्ये दोनदा सांगायचा. "एकदा आत गेली की पोरीच्या आयुष्याचं सोनं झालं म्हणून समजा," तो म्हणायचा. मग आवाज उतरवून, "फक्त ते कानाचं काही बोलू नका. उगाच नाट लागायची."

बिट्टी नऊ वर्षांची. दोन्ही कानांना ऐकायचं मशीन. शांत खोलीत, समोरासमोर बोललं की तिला सगळं कळायचं. गलका झाला किंवा बोलणाऱ्याचं तोंड फिरलं की निम्मं वाऱ्यावर. हे घरात आणि शाळेतल्या एका बाईंना माहीत होतं. बाकी जगासाठी झाकली मूठ. पोरीचे केस कायम कानांवर सोडलेले असायचे. तिला वेणी घालायची फार हौस होती, पण मशीन दिसतील म्हणून बापाने कधी घालू दिली नाही. नावाजलेल्या शाळेच्या फॉर्मवर अठरावा प्रश्न होता, 'मुलाला दिसण्यात, ऐकण्यात किंवा बोलण्यात काही अडचण आहे का?' फोरमनने 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटरवर मुलाखत होती. कॉम्प्युटरमधून येणारा आवाज बिट्टीला नीट लागत नसे. फोरमनने त्यावरही तोड काढली. आपण कॉम्प्युटरच्या पडद्यामागे बसायचं, प्रश्न आला की पांढऱ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. बिट्टीने वाचायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं. रोज तालीम चालली होती.

बुधवारी मशीन नीट बसावं म्हणून कानाचे नवे साचे घ्यायला ते मशीनच्या बाईंकडे गेले. या बाईंनी बिट्टीला दोन वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. बिट्टीने मोठ्या अभिमानाने पाटीची गंमत त्यांना सांगून टाकली. बाईंनी साचा तपासून तिच्या कानात बसवला, तिला बाहेर आईजवळ पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"मुलाखत अर्ध्या तासाची असेल," बाई म्हणाल्या. "शाळा सहा तासांची. तिथे पाटी कोण धरणार?"

"एकदा प्रवेश मिळाला की होईल सवय."

"कशाची? न कळता मान हलवायची? तुम्ही लिफ्ट तपासता. ब्रेक झिजलाय आणि कागदावर 'ठीक' लिहिलं, असं कधी केलंत?"

फोरमनच्या कपाळाची शीर उडायला लागली. "माझी पोर बिघडलेलं यंत्र नाही, बाई."

"नाहीच आहे. मग लपवता कशाला?"

फोरमन खुर्चीवरून उठला. "बोलणं सोपं आहे. नाव कटलं तर जबाबदार कोण? तुम्ही?"

"चष्मा लावणाऱ्या पोरांचा चष्मा कुणी लपवत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "शाळा तिच्यासाठी निवडा. साडूसाठी नको."

घरी परतताना बायको म्हणाली, "त्या छोट्या गावातल्या शाळेचं मी तुम्हाला मागे..." तेवढ्यात त्याने हात वर केला. विषय संपला.

शुक्रवारी तीनला मुलाखत सुरू झाली. पडद्यावर शाळेच्या पन्नाशीच्या बाई, गळ्यात चष्म्याची दोरी, चेहरा प्रेमळ. पहिला प्रश्न, पाटी, उत्तर. दुसरा प्रश्न, पाटी, उत्तर. फोरमनचा शर्ट पाठीला चिकटला होता. बायको दाराशी उभी. तिसरंही निभावलं. अजून पंधरा मिनिटं काढली की गड सर होणार होता.

मग त्या बाई खिडकीकडे वळून काहीतरी गंमत सांगायला लागल्या. सकाळी एक मांजर शाळेत शिरलं, थेट मुख्याध्यापकांच्या खुर्चीत जाऊन बसलं आणि काही केल्या उठेना. त्या खूप भरभर बोलत होत्या. फोरमनने 'मांजर' लिहिलं, 'खुर्ची' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तोवर बाई खळखळून हसल्या. बिट्टीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तीही हसली.

ते हसू फोरमनने ओळखलं. जेवताना सगळे हसले की किंचित मागाहून येणारं, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बेतलेलं. आजवर त्याला वाटायचं, पोरीला विनोद कळला. किती वेळा कळला नसेल, देव जाणे! एवढीशी पोर एकटीने सगळ्यांपासून लपवत होती की आपल्याला कळलं नाही. आणि हे लपवणं तिला शिकवलं कोणी? बापानेच.

त्याने पाटी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून लेकीशेजारी कॅमेऱ्यासमोर बसला. बिट्टी घाबरून त्याच्याकडे बघायला लागली.

"मॅडम, अठराव्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं लिहिलंय," तो म्हणाला. "हिला कमी ऐकू येतं. तुमचे प्रश्न मी हिला लिहून दाखवत होतो. हिचा काही दोष नाही."

पलीकडे बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. मग त्या बाई सरळ बोलल्या. एका वर्गात छत्तीस मुलं आहेत. जुनी इमारत, उंच छत, आवाज घुमतो. अशा मुलांना मदत करणाऱ्या शिक्षिका पुढच्या वर्षी येणार आहेत. "आज मी हिला घेतलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि ती मागे पडली असती. आपण सगळ्यांनी म्हटलं असतं, मुलगी अभ्यासात कच्ची आहे."

मुलाखत संपली. नावाजलेली शाळा हातची गेली. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"आता?" फोरमन म्हणाला.

बायकोने कपाटातून एक कागद काढला. "त्या छोट्या गावातल्या शाळेशी मी महिनाभर बोलतेय. सगळं खरं सांगून. तुम्हाला तीनदा सांगायला आले, पण या घरात ऐकू न येणारी एकटी बिट्टी नाहीये."

फोरमनने कागदावरचा शाळेचा नंबर फिरवला आणि आजचीच वेळ मागितली. चारला त्या शाळेच्या शिक्षिका पडद्यावर आल्या. तरुण होत्या. वर्गात चौदा मुलं, जमिनीवर जाड सतरंजी, म्हणजे खुर्च्यांचा आवाज होत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. प्रत्येक वाक्य त्या बोलत होत्या आणि पडद्यावर लिहीतही होत्या. मग त्यांनी बिट्टीला विचारलं, "वर्गात तुला कुठे बसायला आवडेल?"

फोरमन उत्तर द्यायला पुढे झाला. बायकोने त्याचा हात दाबला.

"पुढे, खिडकीकडे पाठ करून," बिट्टी लगेच म्हणाली. "म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल. मग तुम्ही काय बोलता ते मला दिसेल. आणि तुम्ही फळ्याकडे बघून बोलू नका. मला मग कळत नाही."

शिक्षिकेने ते लिहून घेतलं आणि खाली लिहिलं, 'जागा ठेवली आहे.'

फोरमन लेकीकडे बघतच राहिला. खिडकी, उजेड, फळा, सगळं तिला ठाऊक होतं. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने डोळे पुसले, ते बायकोने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सहाला दहा मिनिटं असताना त्याने कंपनीला कळवलं: छोटं गाव.

साडूचा फोन आलाच. "अहो, पण लोकांना सांगायचं काय?"

"तिला कमी ऐकू येतं, हे सांगा," फोरमन म्हणाला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा अठरावा प्रश्न असतो. कुणाचे कान, कुणाचं तोतरेपण, कुणाचं उशिरा कळणं. आपण 'नाही'वर खूण करतो आणि म्हणतो, मुलांच्या भल्यासाठी केलं. देश कोणताही निवडा, गाव कोणतंही निवडा, आपलं मूल जिथे काही न लपवता बसू शकेल तीच त्याची शाळा. बाकीच्या शाळा आपल्या मिरवण्यासाठी असतात. आणि मुलाला काय हवं, ते मुलाला विचारावं. त्याला बहुधा माहीत असतं.