भिंतीवरचा अठरावा

कॅल्डर कॉलेजच्या फुटबॉल इमारतीत, खेळाडूंच्या खोलीकडे जाणाऱ्या लांब बोळात, हेड कोच लोकांची भिंत होती. शंभर वर्षांत सतरा जण. प्रत्येकाचा फोटो, खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव, सालं, किती जिंकले आणि किती हरले. त्यात एकोणीसशे एकतीस सालचा एक महाभाग होता, जो नऊच्या नऊ सामने हरला आणि कॉलेजच्या खजिनदाराच्या बायकोला घेऊन टेक्सासला पळाला. रसायनशास्त्राचा एक प्राध्यापकही होता. महायुद्धात धडधाकट कोच सगळे गेले म्हणून दोन हंगाम त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती, आणि तो मैदानाच्या कडेला पुस्तक उघडून बघायचा म्हणे. तोही भिंतीवर होता, चष्म्यासकट.

ऑटिस प्रुइट नव्हता.

पळपुट्याला जागा आणि पुस्तकवाल्याला जागा, पण चौऱ्याऐंशी सालचा अख्खा हंगाम ज्याने काढला त्याला नाही. पाइक्सबर्ग गावात यात कोणाला काही खटकलं नाही. अलाबामात फुटबॉलपुढे, म्हणजे बॉल हातात घेऊन धडका मारायच्या त्या अमेरिकन फुटबॉलपुढे, लोकांना देवाचंही खटकत नाही, तिथे ऑटिसचं काय घेऊन बसलात.

झालं होतं ते असं. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात, पहिल्या सामन्याला नऊ दिवस राहिलेले असताना, बक टॅगर्ट सरावाच्या मैदानावर छाती धरून खाली बसला. टॅगर्ट म्हणजे गावाचं दैवत. तेवीस वर्षं हेड कोच, एकशे चौऱ्याण्णव विजय. ऑटिस त्याचा मदतनीस, पुढच्या फळीतल्या आडदांड पोरांना धडका मारायला शिकवणारा, एकोणचाळीस वर्षांचा, आणि त्या मैदानावरचा पहिला काळा कोच. कॉलेजच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून दोन ओळींचं पत्र हातात दिलं. विमा कंपनीला कागदावर कोणीतरी धट्टाकट्टा माणूस हवा होता. या हंगामात हेड कोचची सर्व जबाबदारी ऑटिस प्रुइट यांच्याकडे राहील, असं त्यात होतं. ऑटिसने पत्राची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दारात टॅगर्टची बायको भेटली.

"ऑटिस," ती म्हणाली, "बक ख्रिसमस बघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. सहा विजय हवेत फक्त. दोनशे होऊ देत त्याचे. नाव त्याचंच राहू दे."

"हो मॅडम," ऑटिस म्हणाला.

हीच ती चूक. दुसऱ्या कुठल्या धंद्यात कोणी असलं करणार नाही, पण फुटबॉलवाल्यांत तशी रीत आहे: आजारी कोचची टीम सांभाळायची, घ्यायची नाही. पेपरवाला आला तेव्हा ऑटिस आपल्या तोंडाने म्हणाला, "टीम कोच टॅगर्टची आहे. मी नुसती राखण करतोय." ऑटिसच्या बायकोने, लुरीनने, ते सकाळी वाचलं आणि पेपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"राखणदाराला निदान चार कणसं तरी मिळतात," ती म्हणाली.

त्या हंगामात कॅल्डर दहापैकी नऊ सामने जिंकलं. सहावा जिंकला तेव्हा रीतीप्रमाणे सामन्याचा बॉल रंगवला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनशे लिहिलं आणि ऑटिसने तो स्वतः इस्पितळात नेऊन टॅगर्टच्या मांडीवर ठेवला. फोटोवाल्याने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला बाजूला.

हरले ते एकदाच, शेजारच्या मार्लो कॉलेजशी. टीमचा क्वार्टरबॅक ड्वाइट मॅबरी. सगळा खेळ त्याच्या हातातून निघायचा, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी तो झिंगून आला, उभा राहायचा तर भिंतीला टेकून. ऑटिसने त्याला बाकावर बसवलं. इस्पितळातून टॅगर्टचा फोन आला, "त्याला कॉफी पाज आणि उतरव मैदानात." ऑटिसने ऐकून घेतलं आणि ड्वाइटला काही उतरवलं नाही. तीन गुणांनी हरले. पुढचं वर्षभर गावातले लोक लुरीनकडे दुकानाच्या रांगेत वळून बघत होते.

टॅगर्टने ख्रिसमस बघितला. त्यानंतरचेही अठरा बघितले. परत येऊन चार वर्षं टीम चालवली, दोनशे एकतीसवर थांबला, आणि स्टेडियमसमोर त्याचा पुतळा उभा राहिला, हात कमरेवर, जबडा पुढे. त्याच्या जागी ऑटिसला घेतील असं ऑटिसला वाटलं होतं. लुरीनने त्याच्यासाठी सूट शिवून आणला होता. निवड समितीतला एक जण म्हणाला, "मार्लोची मॅच घालवणाऱ्याच्या हातात टीम कशी द्यायची?" म्हणजे जिंकलेले नऊ टॅगर्टचे आणि हरलेला एक ऑटिसचा. आहे की नाही मजा. कोच बाहेरून आणला, आणि ऑटिस पुढची वीस वर्षं गावातल्या शाळेत पोरांना व्यायाम शिकवत राहिला.

ही गोष्ट त्याने कधी सोडली नाही. तोंडाने म्हणायचा, "जाऊ दे." पण चर्चमधून येताना गाडी स्टेडियमवरून घ्यायचा आणि पुतळ्यापाशी वेग कमी करायचा. एकोणऐंशी वर्षांचा झाला, गुडघे गेले, एका कानाने ऐकू येईना. मरायच्या आधी त्या भिंतीवर आपलं नाव बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. फुटबॉलला शंभर वर्षं झाल्याचा सोहळा ऑक्टोबरात होणार, भिंत नव्याने लावणार, असं कळलं तेव्हा एप्रिल महिन्यात लुरीनने बायबलमध्ये जपलेलं ते दोन ओळींचं पत्र काढलं, त्याची झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा. आणि हो मॅडम, हो मॅडम करत परत येऊ नकोस."

कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख प्रेस्टन वेल्डन. वय पंचेचाळीस, पांढरे शुभ्र दात, आणि वाक्यागणिक "कोच". त्याने पत्र वाचलं.

"कोच, आमच्या मनात तुमच्याबद्दल किती आदर आहे म्हणून सांगू. पण हे पत्र विमा कंपनीसाठी होतं. याने कोणी हेड कोच होत नाही. आणि हे बघा," त्याने जुन्या पेपरचं कात्रण पुढे सरकवलं, "तुम्हीच म्हणाला होतात, मी नुसती राखण करतोय."

ऑटिस घरी आला. लुरीनने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याच्यासमोर बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास ठेवला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ड्वाइट मॅबरी आपल्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला. त्या बाजूला ही पद्धत आहे. माणूस सगळ्या मंडळींसमोर उभा राहतो आणि पोटातलं पाप ओकून टाकतो. ड्वाइट आता साठीचा, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक. रडत रडत त्याने सांगितलं की चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये गणितात तो नापास होणार होता, तेव्हा त्याच्या जागी दुसराच मुलगा परीक्षेला बसवला गेला. नापास झाला असता तर त्याला मैदानात पाय ठेवता आला नसता. मंडळींनी त्याला मिठ्या मारल्या. तो हलका होऊन घरी गेला आणि सोमवारी ट्रॅक्टर विकायला बसला. गावच्या पेपरात सगळं छापून आलं.

गुरुवारी वेल्डनचा फोन आला. येता का, कोच, म्हणून.

या खेपेला कॉफी होती, पीचचा केक होता, आणि टेबलावर ऑटिसने एप्रिलमध्ये दिलेलं ते पत्र होतं, प्लास्टिकच्या चकचकीत कव्हरात.

"कोच, चाळीस वर्षांची चूक आम्ही दुरुस्त करतोय," वेल्डन म्हणाला. "चौऱ्याऐंशीचे हेड कोच तुम्हीच. हा पुरावा बघा, अध्यक्षांची सही आहे. तुम्ही कॅल्डरचे पहिले काळे हेड कोच. सोहळ्यात तुमचा फोटो लागणार."

"एप्रिलमध्ये हे विम्याचं पत्र होतं."

"तेव्हा आम्ही नीट वाचलं नव्हतं."

"दोनच ओळी आहेत. आणि ते राखणीचं?"

"तो तुमचा मोठेपणा, कोच." वेल्डनने कागदांचा दुसरा गठ्ठा पुढे सरकवला. "इथे फक्त एक सही. त्या हंगामाची सर्व जबाबदारी तुमची होती, एवढंच. आणि एक बारीकशी गोष्ट. ड्वाइट ज्या सामन्यांत खेळला, ते विजय आम्हाला पुसावे लागतील. नियमच आहे."

"म्हणजे सगळे नऊ."

"नऊ."

"आणि मार्लो?"

"त्यात तो खेळला नव्हता. आणि हरलेला सामना तसाही पुसत नाहीत. तो राहतो."

ऑटिसला हिशेब कळायला फार वेळ लागला नाही. आयुष्यभर तो हेच आकडे मोजत आला होता. त्या कॉफीला हात लावायची त्याला शिसारी आली.

"बकच्या पट्टीवरून पुसा," तो म्हणाला. "चाळीस वर्षं ते नऊ त्याचेच आहेत ना?"

"कोच, बाहेर पुतळा आहे. त्याच्या नावापुढे डाग लावायचा का? लोक काय म्हणतील?"

"परीक्षा जूनमध्ये झाली. जूनमध्ये हेड कोच कोण होतं?"

वेल्डनचे दात ओठांआड गेले. "ड्वाइटने कोणाचं नाव घेतलेलं नाही. आणि गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, कोच."

"मला येतं. मी इथे बसलोय तुमच्यासमोर. मला का नाही विचारत?"

वेल्डनने पेन त्याच्या बाजूला फिरवून ठेवलं. ऑटिसने ते उचललं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला सही करावीशी वाटली. फोटो, पितळी पट्टी, नाव. काही का लिहिलेलं असेना खाली. स्वतःची अशी हाव बघून तो शरमला. मग त्याने पेन तसंच ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर रेटून उभा राहिला.

"सहीशिवायही होईल, कोच," वेल्डन मागून गोड आवाजात म्हणाला. "पत्र आहे ना आपल्याकडे."

घरी लुरीन भेंडी चिरत होती. सगळं ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली. "आणि फाशीचा दोरही संन्याशानेच नेऊन दिला. मीच पाठवलं होतं तुला."

"तू काय करणार."

"ती बाई इस्पितळाच्या दारात उभी होती ना, तेव्हा मी तुझ्या शेजारी असायला हवी होते. नुसतं नाही म्हणायचं होतं, ऑटिस. एक शब्द. तुला जन्मात कधी जमला नाही तो."

ती रडत होती, आणि रडता रडता त्याच्यावर चिडलेली होती, आणि दोन्ही बरोबरच होतं.

ऑक्टोबरात, सोहळ्याच्या शनिवारी, सकाळी ऑटिस दाढी करायला बसला. लुरीनने विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "बघून येऊ." तिने आतून तो सूट आणला, अठ्ठ्याऐंशी सालचा. खांद्यांत सैल झाला होता.

बोळात गर्दी होती. जुने खेळाडू, त्यांच्या बायका, उकडलेल्या शेंगांच्या ओल्या पिशव्या, बाहेर बँड. अठरावा फोटो टॅगर्टच्या शेजारी लावला होता, जरा खाली. तो टीमच्या जुन्या फोटोतून कापून मोठा केलेला होता. तरुण ऑटिस कॅमेऱ्याकडे बघून हसत होता आणि त्याच्या खांद्यावर मनगटाशी कापलेला एक गोरा हात होता. खाली नवी कोरी पट्टी: ऑटिस प्रुइट, १९८४, विजय शून्य, पराभव एक. शेजारी टॅगर्टची पट्टीही नवी होती. दोनशे बावीस विजय, डाग नाही, काही नाही.

लुरीनने पट्टीवरून बोट फिरवलं, नावावरून, आणि आकड्यांपाशी येऊन काढून घेतलं.

त्यांच्या मागे कॉलेजच्या रंगाची टोपी घातलेला पन्नाशीचा एक माणूस वाकून वाचत होता. "बाप रे," तो हसला, "एकच मॅच, आणि तीही घालवली. या गड्याला कोणी हेड कोच केलं होतं?"

लुरीन तोंड उघडणार होती. ऑटिसने तिच्या दंडावर हात ठेवला.

"त्या दिवशी क्वार्टरबॅक दारू पिऊन आला होता," तो म्हणाला. "म्हणून कोचने त्याला बसवून ठेवलं."

त्या माणसाने फोटोकडे पुन्हा बघितलं, सैल सुटातल्या म्हाताऱ्याकडे नाही.

"मग बसवायला नको होतं," तो म्हणाला, आणि शेंगा सोलत पुढच्या फोटोकडे गेला.