भरलेल्या वाटीची भीती

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. राहते पोलादाच्या गावात, त्यामुळे मला कोण विचारतो! भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरात स्टीलच्या वाट्या डझनभर आहेत आणि दिवसभर खणखणतात. पण त्या सगळ्यांत वयाने मोठी मीच, आणि हा मोठेपणा मी काही सोडत नाही.

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून ठोकून घडवलं. आमच्या घरच्या सिंधुताईंच्या भावाने मला घेतलं ते भाचीच्या, म्हणजे त्यांच्या रश्मीच्या, उष्टावणासाठी. मामाने रश्मीला मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास माझ्यातूनच भरवला. त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! पुढे तिचा वरणभात माझ्यातच कालवला जाई आणि उन्हाळ्यात तुपाचं बोट लावून माझ्याच बुडाने तिचे तळपाय घासले जात.

रश्मी दीड वर्षाची झाली आणि तिला ताप आला. हळूहळू तिचं जेवण सुटलं. एका सकाळी माझ्यात कालवलेला मऊ भात तसाच वाळून गेला. तो खाणारी उरली नव्हती. सिंधुताईंनी मला घासलं, फडक्यात बांधलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. वाटीला भरलेलं असणं आवडतं, असं तुम्हाला वाटत असेल. मला मात्र त्या दिवसापासून भरलेलं राहण्याची धास्ती बसली.

पेटीत माझी चाळीसेक वर्षं गेली. रश्मीच्या पाठचा कमलेश प्लांटमध्ये नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्याला प्रांजली झाली. ती चार वर्षांची असताना तिला टायफाइड झाला. तळपाय घासायला काशाची वाटी हवी, म्हणून तिच्या आईने, रेणूने, मला शोधून काढलं. तिला बिचारीला माझी गोष्ट ठाऊक नव्हती. मला पाहताच सिंधुताईंनी मला तिच्या हातून काढून घेतलं आणि स्वतःच नातीचे तळपाय घासायला बसल्या.

औषधांनी ताप उतरला. भूक मात्र परतली नाही.

डॉक्टर म्हणाले, "पोर पाणी पितेय, खेळतेय. भूक यायला दिवस लागतील. जबरदस्ती करू नका, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा." सिंधुताईंनी ऐकलं ते फक्त 'दिवस लागतील' एवढंच.

पूर्वी कमलेश सकाळपाळी करून आला की अंगणात जेवायला बसे आणि प्रांजली त्याच्या ताटातलं खाई. येणारेजाणारे कौतुकाने बघत. सिंधुताईंनी त्यावरच बोट ठेवलं. "नजर लागली पोरीले. आता कोणासमोर जेवाचं नाही." झालं! तेव्हापासून बंद दाराआड आम्ही तिघीच. आजी, नात आणि काठोकाठ भरलेली मी.

"खा वं माय, एक घास."

"नहीं खाना मेरेको!"

"कावून नाही खात? मले भेव लागते ना वं."

प्रांजलीचे ओठ घट्ट मिटलेले असत. सिंधुताई पुन्हा पुन्हा घास पुढे करत. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणती सकाळ येते, ते या घरात फक्त मला माहीत होतं. रोज मी भरलेली आत जाई आणि भरलेलीच बाहेर येई. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

आठव्या दिवशी सिंधुताईंनी तिची हनुवटी धरून घास कोंबला. प्रांजलीने जिवाच्या आकांताने हात झटकला आणि मी फरशीवर आपटले. स्टीलला पोचा येतो, काशाला तडा जातो. माझ्या काठापासून खाली चांगलं बोटभर तडकलं.

आवाज ऐकून कमलेश जेवता जेवता ताट घेऊनच धावत आला. "काय झालं, आई?"

"रश्मीची वाटी होती रे!" सिंधुताईंना रडू फुटलं. "तिनंही असंच जेवण सोडलं होतं. हे बी जाईन, कमलेश. मले दिसून राहिलं."

एवढ्या वर्षांत ते नाव पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं. दारात उभ्या रेणूने पदर तोंडाला लावला. कमलेश जमिनीवर बसला आणि त्याने ताट आईपुढे सरकवलं.

"तू कधीपासून धड जेवली नाहीस? आधी तू खा."

सिंधुताईंनी रडत रडत भाकरीचा तुकडा मोडला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी प्रांजलीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ती उठली, तिने मला उचलून आपल्या फ्रॉकला पुसलं आणि बापापुढे धरलं.

"पापा, मेरेको भी. इसमें."

कमलेशने दोनच घास वरणभात घातला. तिने तो खाल्ला आणि तळाशी राहिलेलं बोटाने पुसून चाटलं. सिंधुताईंचा हात तिसऱ्या घासासाठी पुढे आला. कमलेशने तो हलकेच धरून ठेवला.

मित्रांनो, आता माझ्यात वरण टिकत नाही, तड्यातून पाझरतं. म्हणून प्रांजली माझ्यात मुरमुरे खाते, तेही आजीच्या शेजारी बसून. आजारातून उठलेल्या लेकरापुढे आपली भीती वाढून ठेवू नका. आपलंही ताट घ्या आणि त्याच्याजवळ बसा. त्याने दोनच घास खाल्ले तर दोनच खाऊ द्या. त्या दुपारी त्या इवल्या बोटाने मला पुसून रिकामं केलं, तेव्हा कुठे चाळीस वर्षांपूर्वीचा तो भात माझ्यातून निघाला.