बियाण्याशेजारी टांगलेला डबा

"पंखा आधी फिरू दे गो, झाकण मग लाव." यंत्रं जोडायला शिकवणाऱ्या दामिनीताईंचा हा आवाज मी विसरलो नाही, मित्रांनो. किन्हवलीच्या विज्ञान शिबिरात शाळकरी राहीनं मला प्लॅस्टिकच्या डब्यात जोडलं, तेव्हाची ही गोष्ट. मी हवेतला धूर मोजणारं छोटंसं यंत्र आहे. पंखा हवा आत ओढतो, उजेडाची तिरीप हवेतले कण टिपते आणि आकडा उमटतो; धूर जितका जास्त, तितका आकडा मोठा. माझा पहिला आकडा अठ्ठावीस. तो दिसताच पोरं बाकांवर चढली होती!

राहीची आई बाईजा सारखी खोकायची. "राबाचा धूर बाधतो," म्हणायची. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा भाजतात, तो राब. त्याचा धूर मोजायचा आणि आईच्या खोकल्याचं कारण पकडायचं, राहीनं ठरवून टाकलं होतं.

तिनं मला ओटीवर टांगलं. पण उंदीर वायर कुरतडतील, या भीतीनं बाईजानं मला मायेनं आत नेलं आणि चुलीवरच्या बांबूला, भोपळ्याच्या बियांच्या पुरचुंडीशेजारी बांधलं. घरातलं मोलाचं बियाणं तिथंच राहतं. धुरानं त्याला कीड लागत नाही.

सकाळी चूल पेटली आणि माझा आकडा सहाशेवर गेला.

"राब तर अजून पेटलाच नाय," राही म्हणाली.

"डबा येडा झाला तुजा," असं म्हणत चुलतभाऊ पंकजनं मला दोन टपल्या मारल्या. मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा; पण आकडा पटला नाही म्हणून मारू नका. आम्हाला कुठं टांगलंय, ते आधी बघा.

राहीनं बघितलं. मला सोडवून ती अंगणात धावली. चाळीस. आत आली. सहाशे. पुन्हा अंगण, पुन्हा चूल! माझा पंखा गरगरत होता, तिच्या पायांना थारा नव्हता.

"बरोबर हाय ह्यो! आये, राब नाय, चूल हाय ती!"

बाईजानं फुंकणी खाली ठेवली. खोकल्याची उबळ ओसरू दिली.

"आये, तुला ठावं होतं?"

"होतं गो. चुलीपुढंच दम लागतो मला. पण बोलले असते, तर तू शाळा टाकून माज्या जागी बसली असतीस."