वरच्या घरातली पहिली धार

"खाट यायची नाही," सून म्हणाली आणि गाडीत अर्धी चढलेली म्हातारीची खाट तिनं पाय धरून परत खाली ओढली.

दुसरा पाय नवऱ्याच्या हातात होता. त्यानं तो सोडला नाही. "अगं, लाकूड बघ कसं आहे. सुंभ तेवढा नवा विणला की अजून एक पिढी झोपेल हिच्यावर."

"झोपू दे कुणाला झोपायचं ते. वरच्या घरात हिला जागा नाही."

"जागा नाही? वरचं घर याच्या दुप्पट आहे!"

"घर दुप्पट आहे. खाटेला जागा नाही."

गाडीवान बैलांच्या मानेखाली खाजवत उभा होता. बोलल्याशिवाय त्याचं अन्न पचत नसे. "विंचवाचं बरं असतं वहिनी," तो म्हणाला, "बिऱ्हाड पाठीवर. कुणाला विचारायला नको, कुणाशी भांडायला नको. दादा, सोडा ती खाट. बैल उन्हात उभे आहेत माझे."

नवऱ्यानं खाट सोडली. जन्मभर त्यानं दुसरं काही केलं नव्हतं; आई आणि बायको यांच्या मध्ये काही आलं की हा सोडून द्यायचा.

घर हलवायचा घाट सगळा सुनेचा. खालचं घर ओढ्याच्या कडेला, खोलगटात. भिंतींना बारा महिने ओल, मागची भिंत तर पोट काढून उभी. वर शेताच्या टेकाडावर नवं घर बांधायचं तिनं मनावर घेतलं आणि नवऱ्याच्या मागं लागून बांधून घेतलं. होतं नव्हतं ते विटांत गेलं. आता घरात मिळवती एकच, ती म्हणजे म्हैस. सकाळ-संध्याकाळ दूधवाल्याची सायकल यायची, त्यावर चूल पेटायची. गाव म्हणालं, ओलीला कंटाळली बिचारी. खरी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. ओलीला ती भीत नव्हती. ती भीत होती हाकेला.

म्हातारी पावसाळ्यात गेली. पण तिची हाक गेली नाही. भर दुपारी सून भांडी घासत असली की ओसरीवरची खाट करकरायची. कोपऱ्यातली काठी आपोआप घसरून जमिनीवर पडायची. आणि मग कानाजवळ, अगदी डाव्या खांद्यामागून, "अगं ए!" एवढंच. सुनेच्या तोंडून "आले आत्याबाई" कधी निघून गेलं तेही तिला कळायचं नाही. ओले हात घेऊन ती ओसरीवर येऊन उभी राहायची, तर खाट रिकामी. म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या म्हातारीची मेल्यावरही गेली नव्हती.

म्हणून तिनं बेत असा केला होता, की लग्नकार्य काढणाऱ्यानंही शिकावं. अंगणात सामानाच्या ओळी मांडल्या होत्या. पहिल्या ओळीत पहिल्या संध्याकाळी लागेल ते: चुलीची सुकी लाकडं, मीठ, काडेपेटी, कंदील, पाण्याची घागर. मग धान्याच्या कणग्या. मग अंथरुणं, त्यांच्या घड्यांत काचेची भांडी. शेवटी टोपलीखाली कोंबड्या आणि सगळ्यात शेवटी म्हैस, चालत. आणि भिंतीकडेला एक ओळ न न्यायच्या वस्तूंची. तिच्यात म्हातारीची खाट, काठी, फुटक्या कानाचा पेला आणि तपकिरी शाल होती.

शालीवरून कुंभारीण तिच्याशी भांडली. ही शेजारीण, मडकी घडवता घडवता जगाची उठाठेव करणारी, पण मनानं सरळ.

"खुळी का काय तू? शाल ठेवून म्हैस कशी नेतेस?"

"म्हैस पायानं येते. शालीनं नाही."

"पाय येतील गं. दूध येईल का? आठव की जरा. म्हातारी गेली त्या दिवशी म्हशीनं थेंब दिला नव्हता. शाल पांघर म्हणून मीच सांगितलं ना तुला?"

ते खरं होतं. पारडू जन्मल्याबरोबर दगावलेलं, आणि म्हशीनं पान्हा सोडावा तो फक्त म्हातारीच्या हाताला. तो हात काय विचारता! म्हशीच्या कासेला लोणी, आणि जीभ मात्र सुनेसाठी विळा. पहिली धार चरवीत वाजली की म्हातारीचं तोंड सुरू व्हायचं, ते शेवटच्या धारेपर्यंत. शेण भरणारी सून खाली मान घालून ऐकायची. गोठ्याची भिंत आणि नवऱ्याची न्याहरीची जागा एकमेकींना लागून होत्या, पण नवऱ्याला कधी काही ऐकू आलं नाही. "काय म्हणत होती आई? माझं लक्ष नव्हतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

म्हातारी गेल्यावर सून तीच शाल डोक्यावरून घेऊन धारेला बसू लागली. शालीला तंबाखूचा, घामाचा, म्हातारीच्या केसांचा वास. तो नाकात गेला की जुनं सगळं घशाशी यायचं आणि ती दात-ओठ खात तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटत राहायची. धार संपायची, शाल खुंटीला जायची. आपण काय पुटपुटलो ते चरवी उचलेपर्यंत ती विसरलेली असायची.

"जनावर जागा ओळखतं," ती कुंभारणीला म्हणाली. "इथं हिला सगळीकडं म्हातारीच दिसते, म्हणून अडते. वर नवा गोठा आहे, नवी गव्हाण आहे. विसरेल."

"तू विसरशील का?"

सुनेनं शालीची घडी करून ती खाटेवर ठेवली, खाट एकटीनं ओढत ओसरीवर नेली आणि काठी, पेला आत कोपऱ्यात ठेवून दिले.

गाडी पुढं गेल्यावर ती घरातून एकदा फिरली. सामान गेलेलं घर मोठं दिसतं म्हणतात; हे लहान झालं होतं. जिथं कणगी होती तिथं ओलीचा गोल, जिथं आरसा होता तिथं पांढरी खूण. मागच्या खोलीत तिच्याच पावलांचा आवाज तिच्या मागून येत होता. दाराला कडी घालताना आतून काठी पडली. "पड," ती म्हणाली. "आता उचलायला कुणी नाही." तिनं कडी घातली, आणि म्हशीचं दावं धरून टेकाड चढू लागली. मागं वळून बघितलं ते म्हशीनं, तिनं नाही. वर जाताना मनाशी तिनं पक्कं केलं, की म्हातारीचा एक शब्ददेखील आता या तोंडातून काढायचा नाही. मनातसुद्धा नाही.

वरच्या घरात पहिली संध्याकाळ अशी शांत होती की तिला हात चालवता येईनात. एक कणगी लावायची आणि थांबायचं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, तिथं कुठं ठेवतेस, डोळे फुटले का? कुणी म्हटलं नाही. चुन्याचा वास, कोरडी जमीन, मोकळा वारा. तिला हसू यायला लागलं.

मग ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. कास कोमट पाण्यानं धुतली, पेंड पुढ्यात ठेवली, पाठीवरून हात फिरवला. "बाई माझी, राणी माझी," म्हणाली. सड ओढले तर कोरडे. म्हैस पेंडीला तोंड लावायला तयार नाही. मान वळवून ती सुनेच्या डाव्या खांद्यामागं बघत होती. तिथं नुसती नवी भिंत होती. तरी सुनेनं दोनदा वळून पाहिलं.

दूधवाला रिकामी किटली वाजवत परत गेला. सकाळीही तेच झालं. नवऱ्यानं धारेला बसून बघितलं, त्याला लाथ बसली. दुपारी म्हशीनं दावं तोडलं आणि शेपूट उचलून टेकाड उतरली. सून धावत खाली पोहोचली तेव्हा म्हैस बंद दारापुढं उभी राहून हंबरत होती. ऐकणाऱ्याचं काळीज हलावं असं हंबरणं. घरातून उत्तर येईल अशी तिची खात्रीच होती जणू. सुनेलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि तिनं घाईघाईनं म्हशीच्या शिंगाला दोर टाकला.

म्हैस वर आणून बांधली तेव्हा मागोमाग आलेली कुंभारीण कासेला हात लावून म्हणाली, "टणक व्हायला लागलीय. अजून दोन वेळा दूध तुंबलं तर दगडीचा रोग होईल, मग ही कायमची आटली समज. तुझा राग म्हातारीवर, अन् भोगतेय कोण? मुकं जनावर."

नवरा बोलला. कधी नव्हे तो स्वतःहून बोलला. "मी शाल घेऊन येतो."

आला तो डोक्यावर खाट घेऊन, खाटेवर शाल. "शाल खाटेवर होती," तो खाली बघत म्हणाला, "म्हणून खाटही आणली." आणि गोठ्याच्या दारालगत, सावली बघून, त्यानं ती ठेवूनही दिली. सुनेला भांडायचं त्राण नव्हतं. दुभत्या जनावराच्या लाथा गोड मानाव्या लागतात, तिनं खाटही गोड मानली.

ऊन कलताना ती शाल डोक्यावरून घेऊन बसली. म्हशीनं हुंगलं. एक लांब श्वास सोडला, पाय सैल केले, रवंथ सुरू केलं. कुंभारीण दारातून हळूच म्हणाली, "बघ, ओळखलं." सुनेनं सड ओढले. थेंब नाही.

"आता काय राहिलं गं?" कुंभारीण बुचकळ्यात पडली. "हात धरायची एखादी रीत? म्हातारी गुणगुणायची काही?"

"गुणगुणायची!" सून कडवट हसली. "तू जा. पाण्याला जायचंय ना तुला?"

कुंभारीण गेली. सून सड ओढत राहिली. बोटं आखडली. म्हैस रवंथ करत वाट बघत होती, कशाची ते तिलाच ठाऊक. एवढा बेत, एवढ्या ओळी, एवढं घर. आणि सगळं या काळ्या दगडानं पाण्यात घालावं? सुनेचं डोकं फिरलं. मुठीनं तिनं म्हशीच्या कुशीत ढोसलं आणि ओरडली, "हातात जीव नाही का मेलीच्या! नुसतं गिळायला पाठवलंय का आईबापानं?"

चरवीत धार वाजली.

ती दचकली. हात थांबले. आवाज तिचा नव्हता. आणि शब्दही तिचे नव्हते. तिनं गप्प राहून सड ओढले, तर परत कोरडे. आता तिला कळलं, खालच्या घरात शालीखाली आपण काय पुटपुटत होतो ते. म्हातारी गेल्यापासून रोज दोन वेळा आपणच तिला बोलती ठेवत होतो. खालच्या दाराला कडी घालून काय उपयोग होता?

पण कास टणक होती, आणि वाटेवर सायकलची घंटी वाजणार होती.

"अवदसा मेली," ती म्हणाली. धार आली. "टवळे, शेण काय तुझा बाप भरणार? कंबर मोडते का वाकताना? सुतकी तोंड घेऊन फिरते घरभर. तुझ्या पायगुणानंच पारडू गेलं." एकेक आठवत गेलं, एकही विसरलं नव्हतं. दोन्ही हातांनी धारा घुमू लागल्या, फेस वर चढू लागला. म्हैस डोळे मिटून पान्हवत होती. सुनेच्या गालांवरून पाणी शालीत झिरपत होतं, आणि तोंड थांबत नव्हतं.

घरातून पावलं धावत आली. नवरा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. तोंड पांढरं पडलेलं. "आई?" तो म्हणाला.

शालीतून सुनेनं मान वर केली.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

तो खाटेवर बसावं म्हणून वाकला, पण बसला नाही, आणि आला तसा घरात निघून गेला.

चरवी अर्धीच झाली होती. सुनेनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. कातडं ऊन होतं, आत संथ धडधड होती. शिव्या संपल्या नव्हत्या, ती दमली होती. मग तिच्या मनात आलं, आवाज आता आपल्याच हातात आहे, तर त्याच्याकडून एकदा तरी हवं ते बोलवून घ्यावं. लग्न होऊन आल्यापासून जे ऐकायला कान आसुसले होते ते. तिनं म्हातारीसारखाच घसा खरवडला आणि त्याच आवाजात, हळू, म्हणाली, "दमलीस गं पोरी. खूप केलंस. बस जरा."

हात सडांवर चालूच होते.

म्हशीचं रवंथ थांबलं. धार बारीक झाली, तुटली. म्हशीनं डोळे उघडले, परकं माणूस कोण आलं म्हणून मान वळवली, आणि मागचा पाय उचलला.

सून हसली. हसता हसता तिनं शालीच्या टोकानं तोंड पुसलं. "बरं बाई," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तुलाही ते ओळखीचं वाटेना."

तिनं शाल नीट ओढून घेतली, चरवी गुडघ्यांत घट्ट धरली.

"ऊठ गं भवाने," ती म्हणाली, "बसायला आलीस का इथं?"

म्हशीनं पाय खाली टेकला, डोळे मिटले आणि पान्हा सोडला. चरवी काठोकाठ भरेपर्यंत सुनेनं मग तोंड मिटलं नाही.