एकदाच आलेली हाक

मी सायलेन्सर बोलतोय. हळू बोलतोय, सवयच तशी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. सिनेमात मला बंदुकीच्या तोंडाला लावलं की नुसतं 'फुस' होतं आणि समोरचा निमूट आडवा पडतो. तसलं काही नसतं. मी वीतभर लांबीची पोलादी नळी. आत एकामागे एक चकत्या बसवलेल्या. गोळीमागून उसळणारा वायू त्या चकत्यांत अडकून थंडावतो, एवढीच माझी करामत. आवाज उरतोच, फक्त कानठळ्या बसत नाहीत. बंद खोलीत लढणाऱ्या जवानांना माझा खरा उपयोग हा, की गोळी झाडल्यावरही त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला याचा फार अभिमान होता. आता नाही.

मला परशुराम वेळीपच्या रायफलीला लावलं. परशू जोयडा तालुक्यातल्या दिग्गीचा, जंगलात वाढलेला. त्याचा जोडीदार ओंकार त्याच तालुक्यातल्या रामनगरचा, किराणा दुकानदाराचा मुलगा. "तुमच्या दिग्गीत माणसं कमी आनि भुतं जास्त," असं तो परशूला चिडवायचा. परशू हसायचा, पण उलट बोलायचा नाही. दिग्गीत भुतांची चेष्टा करत नाहीत. तिथला नियमच आहे: रानात एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील. एकदाच मारतं ते भूत. परशूला हे अक्षरओळख होण्याआधी शिकवलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या डोंगरात, उजाडता उजाडता दोघं एका घरात शिरले. आत हत्यारबंद माणसं लपल्याची खबर होती. दोन खोल्या, मध्ये दार. ओंकार डावीकडे गेला, परशू उजवीकडे. माझ्यातून चार गोळ्या गेल्या आणि समोरचा पडला. ओंकारच्या खोलीतही एक पडला. मग सगळं शांत झालं. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"परशू."

एकदाच, दबक्या आवाजात.

मी नसतो तर परशूचे कान बधिर झाले असते आणि त्याला काही कळलंच नसतं. पण मी होतो. त्यानं स्पष्ट ऐकलं. त्याचे ओठ हललेही. मग तो थांबला, दुसऱ्या हाकेसाठी. फौजेनं इतकं शिकवलं होतं, पण त्या घटकेला वर आलं ते दिग्गीचं.

ओ आली नाही म्हणून ओंकारला वाटलं, परशू पडला. तो धावत दारात आला. धान्याच्या कोठीमागे तिसरा माणूस दबा धरून बसला होता. त्याच्या बंदुकीला माझ्यासारखं काही नव्हतं. तो आवाज साऱ्या दरीनं ऐकला. परशूनं त्याला लगेच टिपलं, पण ओंकार उठला नाही.

चौकशीत परशूनं सांगितलं, काही ऐकू आलं नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हापासून तो नीट जेवलेला मी पाहिला नाही.

यंदा पलटण सरावासाठी जोयड्याच्याच जंगलात आली. नंदिगड्ड्याजवळ तंबू पडले. एका दुपारी परशू फणसाखाली माझी काजळी खरवडत बसला होता. तिथं ओंकारची बहीण रूपाली रामनगरहून बसनं आली.

"परशूदादा, आई दोन वरसं एकच इचारतीया. जाताना त्यानं कुणाला हाक मारली का?"

"मला काय ऐकू आलं न्हाई गे. बंदुकीनं कान बसल्यालं."

तिनं मान हलवली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्ये काय हाय?"

"सायलेन्सर. ह्येनं आवाज कमी व्हतोय. म्हंजे आमाला एकमेकाचं..."

तो तिथंच अडला. हत्याराबद्दल विचारलं की जवानाच्या तोंडून खरं तेच निघतं, शंभरदा घोकलेलं असतं ते.

"तवा बी लावल्यालं व्हतं?" रूपालीनं विचारलं.

"व्हय."

"मग?"

"मारली हाक. मला. एकदाच. मी दुसऱ्या हाकेची वाट बघीत ऱ्हायलो."

तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तीही याच रानाकडची. ती एवढंच म्हणाली.

"त्यो घरात बी एकदाच हाक मारायचा. आळशी. आई वरडायची, दोनदा मार रे, भूत हाईस काय."

मग ती उठली. "आईला काय सांगू मी?"

परशू पुन्हा माझी काजळी खरवडू लागला. तिनं माफ केलं नाही आणि दूषणही दिलं नाही. बसच्या वेळेला ती निघून गेली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चार दिवसांनी कॅसलरॉकच्या बाजूला सराव होता. पाऊल वाजवायचं नाही, बोलायचं ते खुणेनं. सगळी तुकडी झुडपांआड दबून बसलेली असताना परशू एकदम उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ."

कुणी हाक मारली नव्हती. माझा जन्म आवाजात गेलाय, मी सांगतो, कुणीही मारली नव्हती. परशू एका झाडाकडे तोंड करून पुन्हा म्हणाला, "ओ. हाय मी हितं."

त्याला इस्पितळात पाठवलं. मी हत्यारांच्या खोलीत फळीवर पडून आहे. माझी तपासणी झाली. काही दोष निघाला नाही. लवकरच मला दुसऱ्या कुणाच्या रायफलीला लावतील.

तू जो कोणी असशील, तुझ्याकडे एवढंच मागणं. माझ्यामुळे तुला सगळं ऐकू येईल. कुणी हाक मारली तर दुसरीची वाट बघू नकोस. ओ दे, बाबा. भूत असलं तरी दे.