जिन्यातला सूर

सकाळचं ऊन आधी खिडकीच्या गजांवर आलं, तिथे जरा रेंगाळलं, मग काचेवरच्या धुळीतून गाळून घेतल्यासारखं टेबलावर उतरलं; क्लॅरिनेटच्या चाव्यांना एकेक करून स्पर्श करत, स्क्रूच्या डबीत डोकावत, भिंतीवर टांगलेल्या पितळी भोंग्यांपर्यंत पोचायला त्याने चांगला अर्धा तास घेतला. त्याला कुणाची वाट पाहायची नव्हती. टेबलाशी बसलेल्या माणसालाही नव्हती.

बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गिऱ्हाइकं ‘फुंकरडॉक्टर’ म्हणत. दुरुस्त झालेलं वाद्य स्वतः फुंकून पाहिल्याशिवाय तो हातावेगळं करत नसे. अपवाद एकच. खालच्या ओठावर फोड आले, की ते पुरते बरे होईपर्यंत तो एकाही वाद्याला तोंड लावत नसे. मग भले बँडमास्तर दारात धरणं धरून बसो. विसाव्या वर्षी विषाणूने आणलेले ते फोड पुढे पाहुण्यांसारखे येत-जात राहिले. यायच्या आदल्या दिवशी ओठाला मुंग्या आणून वर्दी देण्याइतकी सभ्यता त्यांच्यात होती. पण विषाणूचा मुक्काम कायमचा होता. त्या आठ-दहा दिवसांत तो माणसं टाळी. हळूहळू ती एरवीही टळत गेली.

क्लॅरिनेटची शेवटची चावी बसवून त्याने वाद्य ओठांना लावलं. एक लांब, स्वच्छ सूर खोलीभर पसरला. तो पुरता विरतो न विरतो तोच जिन्यातून हाक आली.

“दादा, आहेस का रे?”

त्याने क्लॅरिनेट खाली ठेवली आणि घाईघाईने तोंडाला रुमाल बांधला.

दारात धाकटी बहीण उभी होती. कडेवर सात महिन्यांची मुलगी. भाचीला त्याने आजवर फोटोतच पाहिलं होतं.

“आत नको येऊस. परत फोड आलेत.”

“ही झाली तेव्हाही आले होते.”

“तेव्हा तर केवढे होते!”

“होते ना. तेव्हा लांब राहिलास ते शहाणपणाचंच होतं. तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं म्हणाले डॉक्टर. पण मी पुन्हा विचारून आलेय त्यांना. फोड असले तर लांब. नसले तर हात धुवायचे आणि खुशाल मांडीवर घ्यायचं, पापा तेवढा घ्यायचा नाही. तसाही तुझा पापा नकोच आहे तिला. मिशा टोचतील.”

रुमालाआड तो हसला. “पुढच्या वेळी घेईन गं.”

“पुढची वेळ कुठली? उद्या निघतोय आम्ही. ह्यांची बदली तीन वर्षांची आहे. ही परत येईल ती पाठीला दप्तर लावून.”

मुलगी भोंग्यांची चकाकी पाहून आईच्या कडेवरून पुढे झेपावली. दोन्ही हात पसरलेले. तो एक पाऊल मागे सरला. कंबर टेबलाला लागली, डबीतले स्क्रू खळखळले.

“आज नको. उगाच जोखीम कशाला?”

बहिणीने मुलीला कडेवर सावरलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दादा, जिन्यात सूर ऐकला मी.”

त्याची नजर क्लॅरिनेटकडे गेली. तिच्या तोंडाची, फुंकायची वेताची पट्टी अजून ओली होती. काहीतरी सांगता आलं असतं. उत्तर यावं म्हणून ती थांबली, चुकलेल्या मुलासाठी थांबावं तशी, न रागावता. मग तिने मुलीचा इवलासा पंजा हातात घेऊन हलवला.

“मामाला टाटा कर, बाळ.”

पावलं जिना उतरून गेली. फाटक वाजलं.

त्याने रुमाल सोडून त्याची घडी घातली. खण उघडला. ओठाला लावायच्या मलमाची नळी तळाशी होती. झाकण फिरेना, आतलं मलम वाळून दगड झालं होतं.

गेल्या पाच महिन्यांत त्याच्या ओठावर एकही फोड आला नव्हता.